होडी देऊ, पण निगेसकट

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, किरकोळ दुरुस्त्यांसह)

व्यासपीठावर बसलेले आपले सर आणि बाई, १९७९च्या दहावीच्या माझ्या मित्रांनो, मैत्रिणींनो आणि भिडेखातर इथवर आलेल्या त्यांच्या जोडीदारांनो,

मला पंधरा मिनिटं दिली आहेत. शाळेत असताना मला उभं केलं जायचं ते बाकावर. व्यासपीठावर उभं करायला सेहेचाळीस वर्षं लागली. त्यामुळे वेळ पुरेपूर वापरणार आहे.

सकाळच्या बैठकीत ठरलं की बॅचच्या निधीतून मुळा धरणावर एक होडी द्यायची. पलीकडच्या काठावरच्या पोरांना, बाजाराला येणाऱ्या बायांना, अडीनडीला दवाखान्यात न्यायच्या माणसाला उपयोगी पडेल अशी. टाळ्या वाजल्या. वर्गणीचे आकडे पडले. मग कोणी तरी म्हणालं, "आपला गोदीतला फिटर आहे की, त्याला विचारा कोणती घ्यायची." मी मुंबईच्या गोदीत चाळीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर इथं धरणावर मासेमारी करणाऱ्यांच्या होड्यांची लहानसहान कामं करतो. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मला येतं. पण मला विचारलेल्या प्रश्नापेक्षा एक जास्तीचा प्रश्न आज सोडवायचाय. होडी कोणती घ्यायची हे पाच मिनिटांचं काम आहे. ती दहा वर्षं तरंगती कोण ठेवणार, हा खरा पेपर आहे.

दान दिलेल्या वस्तूंचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. उद्घाटनाला फीत, नारळ, फोटो. वर्षभरानं तीच वस्तू बाभळीखाली पालथी पडलेली. पाण्याची टाकी पालथी पडली तर तहान लागते, एवढंच. होडीचं तसं नाही. बिघडलेली होडी नुसती पडून राहिली तर नशीब. ती तशीच पाण्यात गेली तर माणसं जातात.

आधी पाणी ओळखू. बारागाव नांदूरचं आपलं धरण, कागदोपत्री ज्ञानेश्वरसागर, मातीचं धरण आहे आणि त्याची साठवण २६ टीएमसी. पावसाळा चांगला झाला की भाद्रपदात ते तुडुंब असतं. मग डाव्या-उजव्या कालव्याला आवर्तनं सुटतात, शेतीला, प्यायला पाणी जातं, आणि मेपर्यंत काठ कुठल्या कुठे मागे सरकतो. म्हणजे आपल्या होडीला कायमचा धक्का नाही. आज जिथं उतारू पाय ठेवतात, तिथं दोन महिन्यांनी गुडघाभर गाळ असतो. पाणी उतरलं की बुडालेल्या बांधांचे दगड, जुन्या विहिरींची कडं, झाडांची खोडं वर येतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पूर्ण वर येत नाहीत, वीतभर पाण्याखाली दबा धरून बसतात. वावरथ-जांभळीकडच्या लोकांना हे मी सांगायची गरज नाही. होडीनं येणं-जाणं त्यांना नवीन नाही. तेव्हा पहिला सल्ला: होडी विकत घेण्याआधी त्या काठावर जाऊन तिथल्या चार जाणत्यांना विचारा. आपण देणारे, पण बसणारे ते.

आता होडी कोणती? तीन प्रकार समोर येतात.

लाकडी होडी ही जुनी आणि गुणी. तिचा सगळ्यात मोठा गुण असा की ती पाण्यानं भरली तरी लाकूड तरंगतं. धरून राहता येतं. पण ती संसारी बाईसारखी रोजची दखल मागते. फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात आणि राळ-तेल ठासून भरावं लागतं. आणि उन्हाळ्यात काठावर कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. पुन्हा पाण्यात टाकताना एक-दोन दिवस ती पाण्यात भिजू द्यावी लागते. लाकूड फुगलं की सांधे आपोआप मिटतात. हे माहीत नसलेला माणूस गळती पाहून घाबरतो, माहीत असलेला बिडी पेटवून वाट पाहतो. पण आता असं काम करणारे हात कमी राहिलेत.

पत्र्याची होडी स्वस्त. गावातला वेल्डिंगवालाही ठीकठाक करतो. पण ती बाहेरून कमी आणि आतून जास्त गंजते. तळात साचलेलं दोन बोटं पाणी, त्यात माती, त्यात माशांचं ओलं जाळं. लोक बाहेरून चकचकीत रंग देतात आणि आत पाहत नाहीत.

तिसरी फायबरची. काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन यांचे थर. हलकी, न गंजणारी, सांधा नसलेली. माझं मत हिच्या बाजूनं आहे. पण एक गोष्ट इथं बसलेल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी. फायबर पाण्यापेक्षा जड असतं. लाकडी होडी भरली तरी तरंगते. फायबरची होडी भरली की दगडासारखी तळाला जाते. तिला वाचवतात ते फक्त बैठकांखालचे आणि पुढच्या-मागच्या टोकांतले बंद कप्पे. त्यात हवा किंवा फोम कोंडलेला असतो. हिशोब सोपा आहे: एक लिटर कोंडलेली हवा जवळजवळ एक किलो वजन उचलून धरते.

आणि नेमके हेच कप्पे आपले लोक फोडतात! छत्रीचा दांडा बसवायचा, पाड भोक. डबा ठेवायला जागा हवी, काप झाकण. भोकातून पाणी आत जातं, वरून काही दिसत नाही. तेव्हा होडी ताब्यात घेताना एक परीक्षा घ्या. कमरेएवढ्या पाण्यात न्या, इंजिन काढा आणि बादल्यांनी काठोकाठ भरा. तरंगत राहिली आणि बाजूला लोंबकळलेल्या दोघा-तिघांना धरून राहिली तर पैसे द्या. बुडाली तर विकणाऱ्याला तिथंच ठेवून या. ही परीक्षा दरवर्षी एकदा. फुकट आहे, अर्धा तास लागतो.

आता होडीत काय काय असावं. वल्ही दोन, इंजिन असलं तरी. नांगर आणि त्याला पाण्याच्या खोलीच्या किमान तिप्पट दोर. पाणी उपसायला बादली, आणि ती होडीला दोरीनं बांधलेली. कारण गरज पडते तेव्हा सुटी बादली सगळ्यात आधी वाहून जाते. शिट्टी, विजेरी, फेकायला एक लांब दोर. रंग भगवा किंवा पिवळा. पाण्यासारखा निळा रंग फोटोत छान दिसतो आणि शोधायला गेलं की दिसत नाही.

लाइफ जॅकेट जेवढी माणसं तेवढी, अधिक दोन. त्यातली पोरांची वेगळी. मोठ्याचं जॅकेट पोराला घातलं तर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि पोर खालून निसटतं. पोरांच्या जॅकेटला दोन पायांमधून येणारा पट्टा हवाच. जॅकेटं उन्हात वाळत घालू नका, कापड आणि शिवण कुजते, सावलीत वाळवा. त्यावर बसू नका, आतला फोम चेपतो. आणि वर्षातून एकदा प्रत्येक जॅकेट घालून उथळ पाण्यात उतरून पाहा. खुंटीवर टांगलेलं जॅकेट कोणाला वाचवत नाही, हे वेगळं सांगायला नको.

यानंतर एक रेघ. इंग्लंडात सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या खासदारानं जास्तीचा माल भरून जहाजं बुडवण्याविरुद्ध लढा दिला आणि १८७६ साली कायदा होऊन जहाजाच्या कुशीवर भाराची खूण आली. गोदीत मी ती रोज पाहिली. आपल्या होडीलाही ती काढा. माणूस सरासरी ७० किलो धरा. दहा माणसं म्हणजे ७०० किलो. बनवणाऱ्यानं ठरवलेला भार भरल्यावर पाणी जिथं येतं तिथं चार बोटं रुंद पांढरी पट्टी ओढा. पट्टी बुडाली की एक जण उतरणार, मग तो सरपंच असो की आपल्या बॅचचा अध्यक्ष. मोटारसायकल चढवायचा मोह फार असतो. ती सव्वाशे किलोच्या आसपास, शिवाय वजन वरच्या बाजूला. ती चढली तर दोन माणसं उतरली पाहिजेत, आणि ती आडवी, दोरानं बांधलेली हवी.

निगेचं वेळापत्रक मी दोन ओळींत सांगतो. रोज: पाणी उपसणं, दोर पाहणं. वर्षातून एकदा, मेमध्ये, पाणी उतरलेलं असताना: होडी काठावर ओढून पालथी घालून पूर्ण वाळवणं. आपला काठ मुरूम-दगडाचा. होडी ओढताना तळाचा वरचा गुळगुळीत थर घासला जातो. एकदा आतली काच उघडी पडली की तिच्या धाग्यांतून पाणी आत झिरपतं आणि थर सुटायला लागतात. नाण्यानं तळ वाजवत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तिथं आत पोकळी आहे. तेवढा भाग घासून काढा, कडा उतरत्या करा, आठवडाभर वाळू द्या आणि मग नवी मॅट-रेझिन लावा. ओल्यावर लावलेलं ठिगळ पहिल्याच पावसाळ्यात सुटतं.

इथं एक धोक्याची सूचना. रेझिनबरोबर दोन बाटल्या येतात, अ‍ॅक्सिलरेटर आणि हार्डनर. या दोन्ही एकमेकींत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये नीट ढवळा, मगच दुसरी. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालायचेच. आणि राहुरीच्या मे महिन्यात हार्डनर टक्काभरच पुरे, काम सकाळी लवकर. दुपारी कराल तर डब्यातच दगड होईल.

इंजिन. मागच्या फळीला टांगायचं आउटबोर्ड. चालू केलं की मागून पाण्याची बारीक धार येते का, ते पहिलं पाहा. धार नाही म्हणजे आतला रबरी पंखा गेला किंवा गाळानं वाट तुंबली. लगेच बंद करा, नाहीतर इंजिन जळतं. गाळाच्या पाण्यात हा पंखा दरवर्षी बदलावा. खालच्या गिअरचं तेल वर्षाला बदला. तेल दुधासारखं पांढरट निघालं तर आत पाणी शिरलंय. आणि आपल्या धरणाचा खास आजार म्हणजे नायलॉनचं जाळं. पंख्याच्या मागे धागा गुंडाळला जातो, तो तेलाचं सील कापतो आणि मग पाणी आत. दर आठवड्याला पंखा काढून मागचा दांडा साफ करणं हे दहा मिनिटांचं काम इंजिनाचा खर्च वाचवतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. म्हणून महिना-दोन महिने होडी बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करा. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली हवी. तो पाण्यात पडला तर इंजिन थांबलं पाहिजे, आणि होडी त्याच्याभोवती गरगरू नये.

आता थोडं लांबचं. लेक-जावई बर्मिंगहॅमला असतात, तिथं मी काही महिने राहिलो. आपल्याला कालवा म्हटलं की आवर्तन, चारी आणि पाळीवरून होणारी भांडणं आठवतात. तिथला कालवा शेतीला पाणी देत नाही. अठराव्या शतकात कोळसा आणि माल वाहायला तो खणला. कालव्यातल्या पायऱ्यांची दारं सात फूट रुंद, म्हणून होड्याही पावणेसात फुटांच्या आसपास रुंद आणि सत्तर-बहात्तर फुटांपर्यंत लांब. आपल्या वर्गाच्या खोलीपेक्षा अरुंद आणि शाळेच्या व्हरांड्याएवढ्या लांब! पूर्वी घोडा काठानं चालत ओढायचा. पुढे आगगाडी आणि ट्रकनं तो धंदा खाल्ला. आता लोक त्यात हौसेनं फिरतात, कित्येक जण त्यातच संसार करतात. आत शेगडी, पलंग, न्हाणीघर, सगळं.

जावयाच्या ओळखीच्या एका गृहस्थाची अशी होडी होती. ती तळ काळा करायला पाण्याबाहेर काढली होती. मी पाहुणा म्हणून गेलो आणि दोन दिवस हातात खरवडणी घेऊन राहिलो. बायको म्हणाली, "चाळीस वर्षांत हौस फिटली नाही का?" नाही फिटली. त्या दोन दिवसांत मी जे पाहिलं ते आज इथं उपयोगी आहे. दर दोन-तीन वर्षांनी होडी बाहेर काढून धुऊन, खरवडून डांबरी लेप द्यायचा. पोलादाचा तळ दहा मिलिमीटरचा, पण यंत्रानं त्याची जाडी मोजत राहायचं. झीज होऊन ती चारच्या खाली आली की विमावाले कुरकुरतात. तळाला मॅग्नेशियमचे तुकडे जोडलेले असतात, पाण्यातली झीज होडीऐवजी त्यांनी सोसायची. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथं रोज संध्याकाळी वंगणाचा एक आटा फिरवायचा, म्हणजे पाणी आत येत नाही. आणि दर चार वर्षांनी सुरक्षेची तपासणी: गॅस, वीज, इंधन, आगीची साधनं, विषारी धुराची सूचना देणारी घंटी. प्रमाणपत्र नाही तर परवाना नाही.

तो माणूस काही फार शिस्तीचा नव्हता. चहाचे कप दोन-दोन दिवस विसळत नव्हता. पण होडीची वही मात्र चोख. कधी लेप दिला, कधी तेल बदललं, कोणी तपासलं, सगळं तारखेनिशी. तिथली होडी टिकते ती स्वभावावर विसंबून नाही, वहीवर.

आता जे बोलायचंय ते बोलतो. मे २०२४ आठवा. उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात दोन चिमुकली होती. त्याच आठवड्यात आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात सुगावला, प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घ्यायला आलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली. तीन जवान गेले. शिकलेली, पोहणारी, सराव असलेली माणसं. पाणी कोणाची पात्रता विचारत नाही. म्हणून होडीच्या नियमांत सगळ्यात वरचा नियम निगेचाही नाही, नकाराचा आहे. दुपारनंतर आभाळ भरलं, वारं फिरलं, की होडी सुटणार नाही. बाजार बुडाला तरी, परीक्षा असली तरी. आणि "नाही" म्हणणाऱ्या नावाड्याच्या मागे आपण उभे राहिलो पाहिजे. त्याचा पगार फेऱ्यांवर ठरवला तर तो कधीच "नाही" म्हणणार नाही. तो महिन्यावर ठरवा.

कायद्याचं एकच वाक्य. यंत्रावर चालणाऱ्या होडीला २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी आणि तपासणी लागते. आपल्यातले वकील आणि निवृत्त तहसीलदार दोघंही समोर बसलेत. फीत कापण्याआधी कागद पुरे करायचं काम त्यांचं. विमाही त्यातच.

माझा प्रस्ताव असा. जमलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले साठ होडी, इंजिन आणि जॅकेटांना. चाळीस मुदतठेवीत, फक्त निगेसाठी, आणि नावाड्याच्या पगाराची वर्गणी दरवर्षी वेगळी. साठांत मोठी होडी येत नसेल तर लहान घेऊ. पलीकडच्या गावातल्या दोन तरुणांना मी स्वतः शिकवतो: रेझिनचं काम, इंजिन, दोराच्या गाठी. आणि एक वही ठेवू. मेमध्ये होडी पालथी पडली, तपासली, ठिगळ लावलं, याची नोंद दरवर्षी आपल्या ग्रुपवर फोटोसह आली पाहिजे. सकाळी "शुभ प्रभात"चे फोटो येतात त्यापेक्षा तो बरा.

हे जमणार नसेल तर माझं स्पष्ट मत आहे: होडी देऊ नये. त्या पैशात जॅकेटं घ्यावीत आणि सध्या ज्या होड्या चालतात त्यांत वाटावीत. त्यानंही माणसं वाचतील.

पण जमेल असं मला वाटतं. आपण साठी ओलांडलेली माणसं आहोत. रक्तदाबाची गोळी रोज न चुकता घेतो, वर्षाला साखर तपासतो. निगा म्हणजे काय हे आता आपल्याला कोणी शिकवायला नको. निगेच्या ठेवीसाठी मागच्या टेबलावर वेगळी वही ठेवली आहे. होडीच्या वहीत सकाळी सगळ्यांनी नावं घातली, ती पान भरून वाहतेय. ही दुसरी वही अजून कोरी आहे. जेवायला जाताना वाट तिथूनच आहे.